शेवटचं निवडलेलं गाव

कुंभकोणम, शुक्रवार, १९९८

आज मालकांनी विचारलंच. "हे आलेख रोज सकाळी पुण्यावरच का उघडतात? आधी आपलं गाव दिसू दे."

काय सांगणार? मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये गाव निवडलं की तिथल्या दुकानातल्या पितळी समयांच्या विक्रीचे सगळे आलेख पडद्यावर येतात. शेवटचं निवडलेलं गाव तो लक्षात ठेवतो. घरी निघताना मी पुणं निवडते. ते आकडे आमच्या यांनी भरलेले असतात, एवढंच. "बघते," म्हटलं.

वर्ष झालं यांना पुण्याच्या दुकानात जाऊन. पत्रात काय, तर थंडी, तांदूळ, आणि आपल्या तंजावरी मराठीला तिथले लोक हसतात ते. माझ्याबद्दल एक अक्षर नाही! रागच येतो.

दुपारी त्यांच्या दुकानातला बिघडलेला कॉम्प्युटर लॉरीनं इथं आला. सुटलेली वायर जोडली, माझाच प्रोग्रॅम उघडला. पुणं दिसेल असं वाटलं होतं. दिसलं कुंभकोणम. दोनदा बंद करून पाहिलं. कुंभकोणमच.

इथल्या समयांशी यांना काय करायचंय? आणि तिथं त्या कॉम्प्युटरला यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही.

मालकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मी काही बदलणार नाही.