कंबरेतल्या कळा

प्रिय शेवंताआक्का,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. बाराव्याला कुंडलला आले होते, तुमच्या सुनेनं चहा दिला, आणि जे बोलायचं होतं ते तसंच घेऊन परत आले. आज लिहायला बसले, कारण परवा आपल्या दवाखान्यात नव्या सिस्टरांचं प्रशिक्षण आहे. लेबर रूममधली वागणूक सुधारायची, बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या घरचं एक माणूस राहू द्यायचं. मॅडम म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. एखादी घडलेली चूक सांगा, म्हणजे पोरींच्या लक्षात राहील."

चूक म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार, आक्का?

तेव्हा तुम्ही लेबर रूममधल्या जुन्या आया, मी वाईहून आलेली नवी सिस्टर. काय ऐट होती माझी! तुम्ही मात्र येईल त्या बाईला आधी माहेर विचारायचात. कोयनानगर म्हणाली, की "आगं, माझी मावशी तितंच दिलीया!" पलूस म्हणाली, की तिथं आत्या. किती मावश्या नि आत्या होत्या हो तुम्हाला? मी एकदा मोजायला लागले, तर मिश्री लावलेले दात दाखवून खुदकन हसलात. पण बाया तुमचा हात सोडायच्या नाहीत, हे खरं.

त्या दुपारी कवठे महांकाळकडची लक्ष्मी आली. धनगराची लेक, पहिलटकरीण. तिच्या आईला मी नेमाप्रमाणे दाराबाहेर थांबवलं.

"पोटात कळा येतात का?"

"न्हाई."

मी केसपेपरवर लिहिलं, कळा नाहीत. हात लावूनसुद्धा बघितलं नाही. आतल्या बाकावर बसवून ठेवलं तिला.

"आवं सिस्टर, दात खाऊन बसलीया ती. जरा बगा की," तुम्ही म्हणालात.

"आक्का, तुम्ही फरशी पुसा."

किती लागलं असेल तुम्हाला! तुम्ही खरंच फडकं घेतलंत. पण त्या बाकाभोवतीच पुसत राहिलात, म्हणून बाळ आलं ते तुमच्या ओच्यात आलं. बराच वेळ रडेना. मी पाठ चोळत होते आणि मलाच रडू येत होतं. ते ओरडलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बाहेर तिची आई म्हणाली, "आमच्यात समद्या बायास्नी कंबरंतच कळा येत्यात. पोटात इचारल्यावर ती न्हाईच म्हणणार की! मला आत सोडलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

मोठ्या डॉक्टरांनी जाब विचारला तेव्हा तुम्हीच पुढे झालात. "सायेब, कंबरंत कळा येत्यात म्हणून लक्ष्मीनं मला सांगितलं हुतं. मीच सिस्टरास्नी सांगायची इसरले." आणि मी? झाकली मूठ सव्वा लाखाची! मान खाली घालून उभी राहिले. तुमची बदली कपड्यांच्या खोलीत झाली आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही तिथंच राहिलात.

मला राग येतो तुमचा, आक्का. कशाला घेतलंत अंगावर? विचारलं तर म्हणालात, "तुमची नवी नोकरी, बाई. मला काय, काम हितं बी हाय, तितं बी हाय." पण तिथं बाळंतिणी कुठे होत्या? निवृत्तीला मी तुम्हाला साडी नेसवली. साडी! माफी मागायला काही तोंड उघडलं नाही. तुम्ही मात्र माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडलीत.

काल भाषण लिहायला घेतलं. पहिली ओळ उतरली, "एका दवाखान्यात एका सिस्टरकडून..." अजूनही तेच! कागद फाडून टाकला.

परवा सगळ्यांसमोर सांगेन, ती सिस्टर मीच. मोठे डॉक्टर आता साताऱ्यात घरी असतात, त्यांच्याकडेही जाऊन सांगेन. आक्का काही विसरल्या नव्हत्या. आक्कांनी मला वेळेवर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. शब्द देते.

तुमचीच,
सुनंदा