मागच्या खोलीतला जांभळा सूर्य

२८ सप्टेंबर
ठरलं! मागच्या खोलीत इनडोअर गार्डन. सांबार पेरणार, म्हणजे पुस्तकी भाषेतली कोथिंबीर. अंगणात गल्लीतल्या कोंबड्या काही शिल्लक ठेवत नाहीत. बायको, म्हणजे गोकुळा, म्हणाली, ब्लाउज शिवाले मले तेच खोली पायजे. मी शब्द दिला : भाऊबीजेच्या पोह्यांवर घरचा सांबार नसला, तर खोली तुझी. कॉलेजात हेडक्लार्क आहे मी, शब्दाला वजन आहे. तोवर तिची मशीन स्वयंपाकघरात.

३० सप्टेंबर
ग्रो लाइटचा, म्हणजे घरात रोपं वाढवणाऱ्या दिव्याचा, अभ्यास. पांढरा की जांभळा? पांढरा महाग. जांभळा स्वस्त, शिवाय दिसायला जास्त सायंटिफिक. मागवला.

२ ऑक्टोबर
लाइट लावला. खोली डीजेसारखी दिसते. शेजारचे हेमराजभाऊ विचारून गेले, घरी काई कार्यक्रम हाय का? अडाणीपणा, दुसरं काय!
धणे न रगडताच पेरले म्हणून गोकुळा हसली. सायन्सला रगडायची गरज नसते.

११ ऑक्टोबर
उगवला! काड्या उंच, माना खाली. उंची म्हणजे प्रगतीच.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
तुडतुडे आले. धान पिकायला लागलं की येतातच. ब्रह्मपुरीत या दिवसांत लोक दिवे बंद करून जेवतात. मुलगी डिंपल म्हणाली, बाबा, साऱ्या गल्लीत आपलाच लाइट चालू हाय. मी समजावलं, जांभळा उजेड किड्यांना दिसतच नाही.
वरणात बरेच पडले. मी जेवलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

१३ ऑक्टोबर
कुंड्यांवर तुडतुड्यांचा थर. उत्तम खत. सांबार खाली दबला, तो भाग वेगळा.
स्वयंपाकघरात गिऱ्हाईक सोनीबाईंच्या नव्या ब्लाउजवर फोडणीचं तेल उडालं. गोकुळाला रडू आलं. म्हणाली, आता कोन देईल मले शिवाले? मला फार वाईट वाटलं. म्हणून लगेच दुसरा लाइट मागवला, पांढरा.

१८ ऑक्टोबर
पांढरा लावला. धणे पुन्हा पेरले. भाऊबीज जवळ आली आहे, पण सांबारानं मनावर घेतलं तर काय अवघड आहे?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
कुंडीत माती. नुसती माती.
तरी पोह्यांवर सांबार होता! हिरवागार, घरचाच. गोकुळानं धणे रगडून मोरीमागे फुटक्या बादलीत टाकले होते, वर कोंबड्यांसाठी जाळी. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, घरचा सांबार आला, शब्द पुरा झाला, खोली माझी.
गोकुळानं मशीन उचलून पांढऱ्या लाइटखाली नेली. सुई एका झटक्यात ओवली. म्हणाली, पहिल्यांदा कामाची वस्तू आणली तुमी.

२६ ऑक्टोबर
जांभळा लाइट हेमराजभाऊंनी नेला. गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टपावर टांगला. सारे तुडतुडे तिकडे जातात, त्यात पडतात. गल्ली आता दिवे लावून जेवते. लोक मला मानतात.
रोज संध्याकाळी टप उपसायचं काम एकमतानं माझ्याकडे आलं. ग्रो लाइटचा अनुभव आहे ना मला.