अर्धी गोळी

धाकट्या,

वॉर्डात तुझ्यासमोर बसले की तोंड उघडत नाही, म्हणून घरी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. हे तुला देण्याची हिंमत होणार नाही, तेही ठाऊक आहे.

बारा वर्षं तुझ्या डोक्याच्या आजाराच्या गोळ्या मीच डब्यातून काढून देते. त्या गोळ्यांवर तू लाँड्रीत इस्त्री नीट करायचास, पण दिवसभरात चार वाक्यं बोलायचा नाहीस आणि हातातला पेला थरथरायचा. तुझ्या भाचीच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला येणार होते. मला लाज वाटली रे. पंधरा दिवस आधीपासून मी गोळी सुरीने अर्धी करून द्यायला लागले.

त्या दिवशी तू काय रंगलास! व्याह्यांची कॉलर बघून म्हणालास, "ही इस्त्री कुणी केली? त्याला माझ्याकडे शिकायला पाठवा." सगळे पोट धरून हसले. मला माझा भाऊ परत मिळाला होता. पाहुणे गेल्यावरही मी अर्धीच देत राहिले.

दीड महिन्यानं तू लाँड्रीतल्या बावीस शर्टांच्या कॉलरी कापून टाकल्यास. त्यांच्यातून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय, म्हणालास.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकवल्यास का?" तू बराच वेळ आठवत बसलास. "चुकल्या असतील माझ्याकडून," म्हणालास. मग माझा हात धरलास. "ताई, माफ कर. तू माझं एवढं करतेस आणि मी हे असं."

मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. पुन्हा असं करू नकोस."

तुझी,
ताई