शुक्रवारची राहिलेली सही आणि माझे घर

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, वरिष्ठ न्यायालयातून निवृत्त झालेली लघुलेखिका, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला तपासले, वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आले, तेव्हा त्याच कंटाळल्या. कोणी धाक दाखवून, लालूच दाखवून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. गोड बोलणाऱ्यांना माझ्याकडे चहाही मिळत नाही, हे सर्वांना माहीत आहे.

याआधीचे माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द होते. त्यात घर भाच्याला दिले होते आणि ते त्याला माहीत आहे, म्हणून हे वाक्य दोनदा वाचावे.

नावे आणि पत्ते वेगळ्या पानावर लिहून सोबत टाचले आहेत. इथे मी प्रत्येकाला नात्याने किंवा कामाने ओळखते. एकतीस वर्षे लोकांची नावे टाइप केली, आता पुरे.

१. माझ्यामागे शोकसभा नको. न्यायालयात घेतलीच तर उभ्याउभ्या दोन मिनिटांत आटपावी. पक्षकार लांबून आलेले असतात.

२. टाइपरायटर रद्दीवाल्याला द्यावा. स्वयंपाकघरातील भांडी आणि शिडी शेजारच्या बाईंना. शिडी तशीही त्यांच्याकडेच असते.

३. बँकेतील ठेव आणि कायद्याची पुस्तके भाचीला. ती न्यायाधीशाच्या परीक्षेला बसते आहे. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, हे पसंत नाही. भाऊ पालिकेत रस्ते विभागाचा प्रमुख होता. मी ज्या न्यायाधीश साहेबांची लघुलेखिका होते, ते वर्तमानपत्रातली बातमी वाचून, कोणी अर्ज केलेला नसताना, स्वतःहून प्रकरण हाती घेत. त्यावरून आमच्या घरी दर रविवारी जेवताना वाद होई.

"तुझ्या साहेबांना म्हणावं, एवढी हौस आहे तर निवडणुकीला उभे राहा," भाऊ म्हणे. "गटार कुठून न्यायचं हेही आता कोर्ट सांगणार. आम्ही काय नुसत्या खुर्च्या गरम करायच्या?"

"गटार तुम्ही नेलं असतंत तर कोर्टाने सांगितलं नसतं."

"ताई, लोक आम्हाला शिव्या तरी घालू शकतात. तुझ्या साहेबांना शिवी घातली तर आत जातात."

हे शेवटचे वाक्य भाचीने ध्यानात ठेवावे. साहेब म्हणत, दार कोणी उघडत नसेल तर माणूस खिडकीवर थाप मारणारच, आणि खिडकीशी आम्ही बसलो आहोत. तेही ध्यानात ठेवावे. पण याच साहेबांनी एकदा धुराची बातमी वाचून शहरातल्या सगळ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या एका दुपारी बंद केल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा बेकरीवाला दारात येऊन मला म्हणाला, "बाई, आमचं कोणी ऐकलं का हो?" ऐकले नव्हते. स्वतःहून प्रकरण हाती घेणारा न्यायाधीश चांगला की वाईट, असे परीक्षेत विचारले तर भाचीने हवे ते लिहावे. नोकरी लागल्यावर मात्र आधी समोरच्याचे ऐकावे.

४. आता घर. त्याआधी एक हकिगत लिहिणे भाग आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचे वय राहिले नाही.

बावीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका शुक्रवारी, साहेबांनी कालव्याकाठच्या वस्तीची बातमी वाचली. रस्ता रुंद करण्यासाठी एकतीस घरे पाडायची होती आणि राहणाऱ्यांना दुसरी जागा दिलेली नव्हती. दुपारी तीनला त्यांनी पालिकेच्या वकिलाला उभे केले, दहा मिनिटे ऐकले आणि भरल्या न्यायालयात मला आदेश सांगितला: पुढील सुनावणीपर्यंत एकाही घराला हात लावू नये. मी तो लघुलिपीत उतरवून घेतला.

आमच्याकडची पद्धत अशी. साहेब सांगतात, मी टाइप करते, साहेब हिरव्या शाईने दुरुस्त्या करतात, प्रत्येक पानावर सही करतात, मग शिक्का बसतो आणि नक्कल मिळते. त्या दिवशी साहेबांची दाढ ठणकत होती. ते चारलाच निघाले. जाताना म्हणाले, "निकड वाटली तर घरी घेऊन या, सही करतो." परंतु फाइल इमारतीबाहेर न्यायची नाही असा नियम होता. तो मी कधी मोडला नव्हता आणि दुसऱ्यांनी मोडला तर वर कळवत असे. निकड वाटते की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडले. मला वाटली नाही. आदेश न्यायालयात सांगून झाला होता, सर्वांनी ऐकला होता. मी टाइप करून फाइल कपाटात ठेवली.

पाच-चाळीसला एक बाई आल्या. वस्तीतल्या चौदा नंबरच्या घरात राहणाऱ्या शिवणकामवाल्या. त्यांच्या केसांना दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. "बाई, आमचा कागद मिळेल का? आज मिळाला असता तर बरं होतं."

मी म्हटले, "सही व्हायची आहे. सोमवारी साडेदहाला या." त्या आल्या तशा गेल्या.

सातच्या सुमारास घरी भावाचा फोन आला.

"ताई, त्या कालव्याच्या ऑर्डरवर सही झाली का गं?"

"नाही. सोमवारी होईल."

"बरं. जेवलीस का?"

"आता बसतेय."

एवढेच बोलणे झाले. मी जेवले आणि झोपले. झोप चांगली लागली.

शनिवारी सकाळी पालिकेची यंत्रे वस्तीत गेली. दुपारपर्यंत एकतीस घरे नव्हती. शिवणकामवाल्या बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. त्याला खाटेसकट रस्त्यावर आणून ठेवले. थंडीचे दिवस होते. तो नवव्या दिवशी गेला.

सोमवारी साहेबांनी पालिकेच्या अधिकाऱ्यांना उभे केले. अधिकारी म्हणाले, सही-शिक्क्याचा आदेश आमच्यापर्यंत पोचला नव्हता. साहेब म्हणाले, "सही झालेली नाही, हे तुम्हाला शुक्रवारी कोणी सांगितलं?" अधिकारी फाइली चाळू लागले. हा प्रश्न मी साहेबांपासून चार हातांवर बसून लघुलिपीत लिहून घेतला. पेन थांबले नाही. अधिकाऱ्यांच्या रांगेत तिसरा माझा भाऊ होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हते.

पुढे मोठ्या खंडपीठाने साहेबांचा आदेश रद्द केला. न्यायाधीशांनी वर्तमानपत्रे वाचून शहर चालवू नये, असे निकालात लिहिले. निकाल अभ्यासाला लागला. माझा भाचा, म्हणजे भाचीचा वकील भाऊ, तो निकाल परिषदांमधून पाठ म्हणून दाखवतो आणि टाळ्या घेतो. निकाल त्रेपन्न पानांचा आहे. त्यात चौदा नंबरचे घर कुठेही नाही. साहेबांची बदली झाली. मला बढती मिळाली.

त्या वेळी काय वाटले, असे कोणी विचारू नये. काही वाटत नव्हते. अजूनही फारसे वाटत नाही. बोटाला सारखी सुई लागून घट्टा पडतो, तसे आहे.

५. शिवणकामवाल्या बाई आता शहराच्या शेवटच्या बस थांब्यापलीकडे एका भाड्याच्या खोलीत मुलीसह राहतात. तीन वर्षांनी मी त्यांना शोधून काढले आणि तेव्हापासून माझे कपडे त्याच शिवतात. कोण, कुठली हे मी सांगितले नाही. एकदा बाही मापताना त्या म्हणाल्या, "तुम्ही कोर्टात होतात ना? ओळखलं मी. तुम्ही नीट बोलला होतात हो. बाकीचे हाकलायचे नुसते." मी म्हटले, "बाही जरा सैल ठेवा."

६. मी राहते ते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीवरील हक्कासह, माझ्या मृत्यूनंतर शिवणकामवाल्या बाईंच्या मालकीचे होईल. त्या माझ्याआधी गेल्यास त्यांच्या मुलीच्या. हे दान नाही आणि उपकारही नाही. बाईंना हा कागद पूर्ण वाचून दाखवावा, चौथे कलम गाळू नये. त्यानंतर त्यांना घर नको वाटले तर तो त्यांचा अधिकार आहे. मग ते विकून रक्कम त्या सांगतील तिथे द्यावी.

७. भाच्याला मी काही देत नाही. तो या कागदाविरुद्ध न्यायालयात जाईल हे मला दिसते. सख्खे सोडून परक्या बाईला घर दिले, म्हातारीचे डोके फिरले होते, असे तो म्हणेल, आणि चांगले म्हणेल. तसे झाले तर बाईंना पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. त्या एकदा चढल्या तेवढ्या पुरे आहेत. म्हणून या कागदावर दुसरा साक्षीदार मी माझ्या भावाला केले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते. बापाने वाचून सही केलेला कागद मुलगा कोणत्या तोंडाने खोटा ठरवतो, ते पाहावे. भावाने सही नाकारली तर शेजारच्या बाई सही करतील, पण मग भाच्याचा रस्ता मोकळा राहील.

८. (हे कलम हाताने, वरील मजकूर टाइप झाल्यानंतर.)

भाऊ दुपारी दोनला आला. त्याने चष्मा पुसून सगळे वाचले. पाऊण तास लागला. डॉक्टरीणबाई, पहिल्या साक्षीदार म्हणून, समोर बसून होत्या. मला वाटले होते, तो आवाज चढवेल. त्याने पाणी मागितले.

मग म्हणाला, "ताई, हे अर्धंच आहे."

"काय राहिलं?"

"मी तिथे होतो. तू लिहिलंयस, यंत्रं गेली. यंत्रं आपण होऊन जातात का? सकाळी सहाला मी उभा होतो. ती बाई पेपर घेऊन आली. आदेशाची बातमी छापून आली होती, तिने बोट ठेवून दाखवली. मी म्हटलं, हा पेपर आहे, कोर्ट नाही."

मी पेनचे टोपण काढले.

"आणि खाट. तिघे जण होते, चौथा कोपरा कोणी धरेना. तो मी धरला. तिचा नवरा मला म्हणाला, 'सावकाश साहेब, पाय ढिला आहे.' खाटेचा पाय. आम्ही सावकाशच नेली." पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाला, "तेही लिही. मग सही करतो."

ते इथे लिहिले आहे. लिहिल्यावर त्याला वाचून दाखवले. त्याने "सावकाश"च्या खाली रेघ मारायला सांगितली. मी म्हटले, मृत्युपत्रात रेघा मारत नाहीत. तो बरं म्हणाला.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.
तारीख: अकरा मार्च, गुरुवार, दुपारचे साडेतीन.

(सही) लिहून ठेवणारी, निवृत्त लघुलेखिका. प्रत्येक पानावर, आजच.

आम्हा दोघांच्या समोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीणबाई.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, रस्ते विभागाचा निवृत्त प्रमुख. मजकूर वाचला. खरा आहे.