टांटीचा नाच, इराचे पाय

१० जाने., शनि.
यिशुनला इराचा नाचाचा क्लास. टांटीने (म्हणजे मावशी, सगळे तिला तसंच म्हणतात) आज इराला सगळ्यांसमोर झापलं. "पाय आपटतेस कशाला? जमिनीने तुझं काय घोडं मारलंय?" (ती बोलते तोडकं इंग्रजी, मध्येच फ्रेंच. माझ्या डोक्यात ते मराठीतच उतरतं.) मग इराच्या पाठीवर तळवा ठेवून दाबत राहिली, कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत. इराचे डोळे भरले. तिने पुसले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून नाचली.
घरी येताना म्हटलं, जास्तच करते टांटी. इरा म्हणे, इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावून, "शी ओन्ली स्कोल्ड्स मी, मम्मा. दॅट मीन्स आय ॲम गुड, लाह."
नऊ वर्षांची असल्यापासून जातेय तिच्याकडे. आता सतरा.

२५ जाने.
मोठी बातमी. जूनच्या नृत्यमहोत्सवात टांटीचा 'विधवा' हा नाच, आणि तोही मोठ्या थिएटरात. निर्माता डेरेक, बोलायला गोड. ईमेल, फोन सगळं मीच बघायचं, टांटीचं इंग्रजी कागदावर चालत नाही.
साजरं करायला वुडलँड्सच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर गेलो, टांटीच्या ब्लॉकखालीच. टांटी खुशीत होती. तिकडे आफ्रिकेत, तिच्या कोनाक्रीच्या सरकारी नृत्यपथकातल्या गोष्टी निघाल्या. गुरुजी वेत घेऊन बसायचे म्हणे. पोटरीवरचे वण परत दाखवले, बायका दागिना दाखवतात तसे. "त्या वेताने मला पॅरिस दाखवलं, तोक्यो दाखवलं." इरा त्या वणांवरून बोट फिरवत होती. मला बघवेना.

८ फेब्रु.
हॉकर सेंटरला कोपी (इथली घट्ट कॉफी) पिऊन उठताना टांटीला स्टुलावरून उठताच येईना. टेबल धरलं, टेबलच सरकलं. मी आणि इराने दोन्हीकडून धरून उभं केलं. उजवा गुडघा. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन. किती महिने लपवतेय कोण जाणे.
"डेरेकला कळता कामा नये. हा नाच मी एकदा नाचणार, मग पाय कापला तरी चालेल."
दोघींकडून वचन घेतलं. इराने लगेच दिलं.

१ मार्च
सुधीरचा जहाजावरून फोन, आधी बापलेकीचं बोलून झालं. टांटीच्या महोत्सवाचं सांगितलं. त्याला रेमंड आठवला, टांटीचा नवरा, इथलाच चिनी. जहाजांना भाजीपाला, किराणा पुरवायचा. त्याच्यामुळेच तर ओळख. सुधीर म्हणाला, चांगला माणूस, फक्त घरच्यांपुढे बोलायचा नाही.
'विधवा' रेमंडच्या मरणानंतरच बसवला टांटीने. एकटीचा नाच. आधी बसलेली बाई, मग उठते. एवढंच. पण ती उठते तेव्हा...

१९ मार्च
 लिहून टाकते.
डेरेकने बोलावलं, तिघींना. टांटीला यायला वेळ लागला, लिफ्ट बंद, जिने. ती यायच्या आधी तो मला म्हणाला, "नृत्य टांटीचंच राहील. फक्त शरीर बदलू. सोलो इरा करेल. एका भारतीय मुलीने आफ्रिकेची गोष्ट नाचायची, किती सुंदर!" मी म्हटलं, का पण? तर म्हणे, "गुडघा. इराला किती काळजी वाटते तिची! तिनेच येऊन सांगितलं मला. ग्रेट किड."
इरा शेजारीच बसलेली. फोन बघत होती.
मग टांटी आली, धापा टाकत, घामाने भिजलेली. डेरेकने तिला सांगितलं, हसत हसत, तुमची तब्येत आम्हाला महत्त्वाची. कोणी सांगितलं ते मात्र तिच्यासमोर बोलला नाही.
ती कोणाकडे बघेना. इराच्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक. उद्यापासून सकाळी ये. उपाशी पोटी."

२० मार्च
इराला विचारलं. सरळच. का सांगितलंस?
"शी कान्ट डू इट, मम्मा. यू सॉ. समबडी मस्ट से, राइट?"
वचन दिलं होतंस.
मग मराठीत म्हणाली, घरात एरवी बोलत नाही, पण म्हणाली, "मला हवा होता तो नाच."
थोबाडीत मारायला हात उचलला होता मी. नाही मारली. मारायला हवी होती का?

२२ मार्च
सुधीर: "खरं तेच सांगितलं ना? खोटं तर नाही बोलली पोरगी." समुद्रावर बसून न्याय सोपा असतो.
टांटीला सांगू का? सांगितलं तर इराला हाकलेल. न सांगावं तर तिच्या हातची कोपी कोणत्या तोंडाने प्यायची?
नाही सांगितलं.

१२ एप्रिल
तालमी टांटीच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत. टांटी प्लास्टिकच्या खुर्चीवर, इरा खाली सिमेंटवर. नुसतं बसणं चाललंय. आठवडे झाले. "बसलीस तू. विधवा बसत नाही, तिला बसवतात." परत. परत. गुडघे सोलले, अंगठ्याचं नख निघालं. मी पट्टी घेऊन पुढे झाले तर टांटी म्हणाली, "मामां इरा, तू बाहेर जा." (तिच्याकडे आईला लेकराच्या नावानेच हाक मारतात, आपल्यासारखंच.) आणि इरासुद्धा, त्याच दमात, "मम्मा, गो, लाह."
दोघींनी एकमेकींकडे बघितलंही नाही. मी ब्लॉकला एक चक्कर मारून आले.

३ मे
हे विसरता येणार नाही.
टांटी आज रेमंड गेला तेव्हाचं सांगत होती. याच ब्लॉकखाली मांडव होता, इकडे प्रेत काही दिवस असं मांडवात ठेवतात. नणंदांनी तिला शवपेटीजवळ जाऊ दिलं नाही, काळी म्हणून. मागच्या टेबलाशी उभं केलं, येणाऱ्यांपुढे शेंगदाण्याच्या बशा ठेवायला. पाहुण्यांना वाटलं मोलकरीण. तीही बशा ठेवत राहिली. मग केव्हातरी तिथेच बसली आणि कोणाला न विचारता उठून पेटीपर्यंत चालत गेली. ते उठणं म्हणजे हा नाच.
मला वाटलं इरा तिला जवळ घेईल. इरा म्हणाली, "शो मी. हाउ यू स्टूड अप."
टांटी खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली. कशी उतरली तिचं तिला माहीत. उठून दाखवलं.
"वन मोर टाइम. द फेस, टांटी. व्हॉट वॉज युअर फेस?"
परत. गुडघ्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी ओरडले, पुरे! टांटीनेच हात वर करून मला थांबवलं. परत बसली. परत उठली. चेहरा असा झाला होता की...
आणि मग इराने तो चेहरा केला. जसाच्या तसा. सतराव्या वर्षी, माझ्या पोरीने.
टांटी बघत राहिली आणि म्हणाली, "हां."
मी नाल्यापाशी जाऊन ओकले.

१३ जून
शो झाला.
पोस्टरवर इराचा फोटो. टांटीचं नाव खाली, बारीक. डेरेकने शेवटी नगारे वाढवलेत, लोकांना जरा आनंदाने घरी जाऊ दे म्हणून. टांटीला तालमीत कळलं. 
इरा नाचली. आई म्हणून नाही लिहीत. ती उठली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने माझं मनगट धरलं. मला माझी मुलगी दिसतच नव्हती, टांटी दिसत होती, मांडवात, बशी हातात.
सगळं थिएटर उभं राहिलं. इरा पुढे आली, पहिल्या रांगेतल्या टांटीकडे हात केला, वर ये म्हणून. टांटी बसून राहिली. उठता आलं नाही की उठायचं नव्हतं, देव जाणे. इराचा हात तसाच पसरलेला. लोक टाळ्या वाजवतच होते. पोरगी मोठ्या दिव्यात उभी, हात पुढे करून, आणि समोरची म्हातारी तिच्याकडे नुसती बघतेय. शेवटी इराने हात खाली घेतला, हसून नमस्कार केला.
नंतर मेकअप रूममध्ये टांटी तिला म्हणाली, "डावी टाच उशिरा." बस.
टॅक्सीत इरा या सगळ्यात पहिल्यांदा रडली. मी जवळ घेतलं नाही. खिडकीतून बघत बसले. आता वाईट वाटतंय.

२८ जून
टांटी ऑपरेशन करून कायमची कोनाक्रीला परत जाणार. भावाच्या अंगणात नाच शिकवणार. आणि इराला न्यायचंय, एक वर्ष. आज घरी येऊन मागितली, नवरीमुलगी मागतात तशी, सोफ्यावर ताठ बसून.
मी विचारलं, का?
"माझा नाच तिने घेतलाच आहे. आता बाकीचंही घेऊ दे."
इरा दारात उभी. डोळे लकाकत होते. कॉलेज वर्षभर पुढे ढकलणार, म्हणे तिने आधीच विचारून ठेवलंय. अठरा पुरी नाहीत, आमची संमती लागेल. सुधीर म्हणतो, तू तिथे आहेस, तू ठरव.
टांटी गेल्यावर इराला विचारलं, तू डेरेकला सांगितलंस, हे टांटीला माहीत आहे?
"डोन्नो. यू आस्क हर, लाह."
भीती नाही वाटत तुला?
"वाटते," म्हणाली. आणि बॅगांचे भाव बघायला लागली.

७ जुलै
ऑपरेशन काल झालं. आज हॉस्पिटलला गेले, एकटीच. टांटी उशीला टेकून, पाय पट्ट्यांमध्ये, चेहरा राखेसारखा. सूप नेलं होतं, दोन चमचे प्यायली. इराबद्दल विचारलं. जेवते का, पाय रोज चोळते का. आईसारखं विचारत होती. मग म्हणाली, तिकडे पोरी पहाटे उठतात, फरशी नाही, माती, हिला सवय होईल. माझ्या गुरुजींचा वेत भावाकडेच आहे अजून. हे म्हणताना हसली की काय, नीट दिसलं नाही.
सगळा धीर गोळा केला आणि विचारलं, "टांटी, डेरेकला गुडघ्याचं कोणी सांगितलं, माहीत आहे तुला?"
तिने माझा हात हातात घेतला. तळवा गरम होता, तापाने असेल. कितीतरी वेळ धरून ठेवला.
"मामां इरा," म्हणाली, "मुलीला परत न्यायला येशील ना, तेव्हा विचार."
नर्स आली. भेटीची वेळ संपली.
घरी आले तर इरा हॉलमधलं टेबल बाजूला सारून सराव करत होती. न थांबता कोनाक्रीचं विचारलं, "सो? कॅन ऑर नॉट?"
म्हटलं, आधी जेव.