अखंड दिव्याची गुणगुण

सातारा, २० ऑक्टोबर १९९९

ती. गोदामावशीस,
चिंतामणचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट. काकांच्या गुडघ्याची चौकशी केली म्हणून सांग (उत्तर द्यायला त्यांना उठवू मात्र नकोस). तुझ्या गळ्याची गाठ ठणकत नाही ना?

मावशी, फार चुटपुट लागलीय गं. दिवाळीआधी मिरजेत तुझं ऑपरेशन, आवाज पहिल्यासारखा राहील याची डॉक्टर हमी देत नाहीत, म्हणून तर नवरात्रात तुला इथं बोलावलं. तू नि आई जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या, आई गेल्यापासून तुझ्याखेरीज कुणालाच येत नाहीत. त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या म्हणून निमिषनं (आमचे चिरंजीव) पुण्याहून तो स्वस्तातला, आवाज टिपायचा डबा आणला. माईक डब्याला, डबा कॉम्प्युटरला, आणि ऐकू काय येतंय? डासांचं अख्खं खानदान! घूंऽऽऽ!

झालं, माझं डोकं फिरलं. फ्रिज बंद केला, दूध नासलं. शेजारच्या शालूबाईंना मिक्सर थांबवायला सांगितलं, तेव्हापासून त्या आमच्याकडे बघत नाहीत (चटणीही पाठवत नाहीत, ते जास्त लागतं). अर्थिंग सुकलं असेल म्हणून खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं. गुणगुण तशीच, आमच्या सौ. श्रद्धाचा मोगरा तेवढा गेला. तिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. तू बिचारी रोज खडीसाखर चघळत माईकसमोर बसायचीस आणि मी खेकसायचो, थांब, अजून नको! शेवटी एकही ओवी न म्हणता एसटीत बसलीस.

काल दसऱ्याला घट हलले, श्रद्धानं देव्हाऱ्यातल्या विजेच्या दिव्याची पिन काढली आणि घूं बंद! तोच दिवा गं, तू सांगलीहून कौतुकानं आणलेला, लुकलुकणारा. तेल नको, मांजर लवंडायची भीती नको. घरातलं झाडून सगळं मी बंद केलं, पण नवरात्रात अखंड दिव्याला हात कोण लावणार? काखेत कळसा नि गावाला वळसा! तुला दोष नाही, देवीला तर नाहीच. मीच अकलेचे दिवे पाजळत बसलो.

गळ्याला मफलर गुंडाळत जा.
तुझाच,
चिंत्या

ता. क. येत्या रविवारी कॉम्प्युटर-माईकचं सगळं लटांबर गोधडीत बांधून मीच सांगलीला येतो. तुमच्या देव्हाऱ्यात तेलाची समईच लाव, हात जोडतो.

आणखी एक. आत्ता चाचणीची रेकॉर्डिंगं पुसायला बसलो, तर एकात तू सापडलीस. तांदूळ निवडता निवडता श्रद्धाला म्हणतेयस, "ओरडू दे गं त्याला, लहानपणी ओवी ऐकल्याबिगर झोपायचा नाही." आणि मग हळूच ओवी धरलीस. दोन ओळी आहेत. त्यावर माझा आवाज, "मावशी, गप्प बस गं जरा, गुणगुण ऐकू दे!"

पुढं नुसतं घूं आहे. ती तिसरी ओळ मला येत नाही, मावशी.