अक्काचं मांजर आणि कुलपातलं दूध

८ जून १९८५, जिंतूर
अक्का बोरीहून कायमची आली. भाऊजी गेल्यापासून मागं लागलो होतो, थोरली बहीण तू, इकडं ये, मी तरी एकटाच. एक ट्रंक अन् टोपलीत मांजर. कंडक्टरनं टोपलीचं तिकीट मागितलं तर म्हणे, आत देव आहेत. देव वाटेत ओरडले. आल्याआल्या चहाचं दूध देवांनाच गेलं. मी कोरा प्यालो.

१० जून
मांजराचं पोट बिघडलं. जागा निवडली माझी गादी. अक्का म्हणते, पाणी बदललं, दुसरं काही नाही. अशक्तपणा येऊ नये म्हणून वर आणखी दूध. संध्याकाळी पुन्हा तेच. लय बेजार.

११ जून
पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात. म्हशींच्या रांगेत मी, रिटायर हेडमास्तर. जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला, पिशवीकडं बघून हसू दाबलं. डॉ. म्हणाले, दूध बंद. मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही. पाणी ठेवा, मासळी-मटण द्या.
अक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. मासळीचं कसं सांगावं? तरी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्या डॉक्टरच्या घरी मांजर हाय का?"
म्हटलं, विचारलं नाही.
"मंग." आणि माझ्यादेखत वाटीत दूध ओतलं.

१२ जून
जाळीच्या कपाटाला कुलूप. किल्ली करदोड्याला. अक्कानं स्वतःही दूध सोडलं. दुपारी शेजारचे वकील आले. मी बाजारात. त्यांना कोरा चहा मिळाला आणि सोबत कारण, भावाकडं दूध कुलपात असतंय. संध्याकाळपर्यंत गल्लीभर. गवळीसुद्धा माप घालताना माझ्याकडं बघायलाय.

१५ जून
मांजर ठणठणीत! धावत सांगायला गेलो. अक्का म्हणाली, रोज अंगारा लावायले, लागू पडला. माझ्या कुलपाचं नाव घ्यायला कुणी तयार नाही.

१६ जून
सकाळी बघतो तर अक्का ट्रंक भरायलीय. बोरीला परत जाते म्हणाली. एका मांजरापायी? मी चिडलो. डॉ.चं सगळं पुन्हा समजावलं, वर्गात समजावतात तसं. ऐकून घेतलं. लुगड्याच्या घड्या घालत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली,
"तुझे भाऊजी गेले अन् जावेनं दुधाला कुलूप घातलं. माझ्या चहापुरतं काढून द्यायची, त्यातलंच मी ह्या मांजराला द्यायचे. इथं बी कुलूपच निघालं, बाळ्या."
डॉ.चं खरंच आहे. पण किल्ली सोडून तिच्या हातात दिली. घेईना. मग मीच कुलूप काढून आलो.

१७ जून
ट्रंक पलंगाखाली. दोघांनी दुधाचा चहा घेतला. मांजराच्या वाटीत पांढरं काहीतरी. विचारलं, अक्का, हे काय?
"पाणी हाय. डॉक्टरनंच सांगितलंय ना, पाणी ठेवा म्हणून."
पांढरं कसं?
"पातेलं विसळलं त्यातलं."
विसळल्यावर इतकं दाट? मांजर डोळे मिटून प्यायलंय. अक्का माझ्याकडं बघायलीय.
मी चष्मा काढून ठेवला.